शाळेच्या पैशाचा निर्णय गावाने कसा घ्यायचा: मराठवाड्यातल्या पालकांसाठी

जिल्हा परिषद शाळेच्या पैशाची चर्चा गावात सुरू होते ती बहुधा मार्चमध्ये. अनुदान आलेलं असतं, ते महिनाअखेर खर्चायचं असतं, मुख्याध्यापकांची धावपळ चालू असते आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांकडे प्रोसिडिंगवर, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तावर, सही घ्यायला कुणीतरी येतं. अशा वेळी पालक विचारतात, "किती पैसे आले?" प्रश्न रास्त आहे, पण तो विचारायला उशीर झालेला असतो. कुठल्या शाळेला किती आणि कशासाठी द्यायचं हे कित्येक महिने आधीच कागदावर ठरलेलं असतं. त्या कागदात गावाचा हात कुठे आणि कसा लागू शकतो, हे इथे क्रमाने सांगतो.

आधी कायद्याचा आधार बघू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ही तिची कामं. कलम २२ तर त्याहून महत्त्वाचं आहे. समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असेल, असं ते सांगतं. म्हणजे तुमची मागणी ही विनंती नाही, नियोजनाची पहिली पायरी आहे. अनुदानित शाळांत, त्या अल्पसंख्याक असोत वा इतर, मात्र ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित खासगी शाळांना कलम २१ लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ आणि राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, तो विषय वेगळा.

पायरी १ : समितीत कोण बसलंय ते बघा

राज्याच्या जून २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे समितीत सदस्य सचिव वगळून १२ ते १६ जण असतात. त्यातले तीन चतुर्थांश पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सदस्य सचिव. दर महिन्याला बैठक, दोन वर्षांनी समितीची फेररचना. हे बहुतेकांना माहीत असतं. ज्याकडे दुर्लक्ष होतं ती अट अशी, की वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे.

पटाची यादी घ्या आणि मुलं कोणत्या वस्तीतून येतात ते लिहून काढा. शंभरातली तीस मुलं तांड्यावरची असतील आणि समितीत तांड्याचा एकच माणूस असेल, तोही सहीपुरता, तर पुढचा सगळा कारभार एकाच बाजूने झुकणार. अध्यक्षपद गावातल्या वजनदार माणसाकडे जातं आणि त्याची स्वतःची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत शिकत असतात, असंही घडतं. अध्यक्षाचं मूल त्याच शाळेत शिकत असलं पाहिजे, हे पालकसभेत ठामपणे सांगा. निवड पालकसभेतच, सगळ्यांसमोर व्हावी. त्या सभेची दवंडी, फलकावरची सूचना आणि मुलांच्या वहीतून चिठ्ठी, हे तिन्ही करा. सभा संध्याकाळी घ्या. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवलेल्या सभेला मजुरी करणारी आई येणार नाही, आणि मग "पालक येत नाहीत" अशी नोंद होते.

पायरी २ : पैसा कोणकोणत्या वाटांनी येतो

सगळा पैसा एकाच तिजोरीतून येत नाही. म्हणून चुकीच्या दारात मागणी केली की वर्ष वाया जातं.

शाळेच्या हातात थेट येतो तो संयुक्त शाळा अनुदानाचा पैसा. तो समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून येतो. ही योजना २०१८-१९ पासून सुरू झाली, तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत विद्यार्थी असतील तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यावर १ लाख. ही योजनेतली कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष मंजुरी वर्षागणिक कमी असू शकते. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. वीजबिल, पाणी, शैक्षणिक साहित्य, बिघडलेल्या वस्तू बदलणं, इमारतीची आणि स्वच्छतागृहाची किरकोळ दुरुस्ती यांसाठी हा पैसा आहे. खेळाचं साहित्य आणि ग्रंथालय यांना योजनेत स्वतंत्र तरतूद आहे. नवी खोली या पैशातून होत नाही.

नवी वर्गखोली, मोठी दुरुस्ती, पत्रे बदलणं यांचा पैसा येतो जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीकडून, किंवा समग्र शिक्षाच्या बांधकाम शीर्षातून, किंवा जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो. पंधराव्या वित्त आयोगात त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, त्यामुळे शाळेचं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ही कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतात. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी राखीव असतो, उताराचा रॅम्प त्यातून मागता येतो. आमदार-खासदार निधी आहेच. रोजगार हमीच्या कामांतून शाळेची संरक्षक भिंत किंवा मैदान अनेक ठिकाणी झालं आहे.

शिक्षक हा तर शाळेचा सगळ्यात मोठा खर्च. तो संचमान्यतेवर ठरतो, त्याबद्दल लगेच पुढे.

पायरी ३ : पट नीट नोंदवून घ्या, कारण पैशाचं मूळ तिथे आहे

वरचे आकडे पुन्हा वाचा. ३० मुलांच्या शाळेला दहा हजार आणि ३१ मुलांच्या शाळेला पंचवीस हजार. एका मुलाची नोंद राहिली तर तांड्यावरच्या शाळेचे वर्षाला पंधरा हजार जाऊ शकतात.

यूडायस ही देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणारी संगणकीय प्रणाली. प्रत्येक शाळेला तिचा अकरा अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. वर्षातून एकदा शाळेची सगळी माहिती त्या प्रणालीवर भरली जाते : पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज, रॅम्प, दिव्यांग मुलं. जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक या माहितीवर बेतलेलं असतं. ते राज्यामार्फत दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातं. यूडायसमध्ये "मुलींचं स्वच्छतागृह : चालू" अशी नोंद असेल आणि प्रत्यक्षात त्याला दोन वर्षं कुलूप असेल, तर तुमच्या मागणीला वरच्या कार्यालयात आधारच उरत नाही. माहिती भरण्याचा ताण मुख्याध्यापकांवर प्रचंड असतो आणि गेल्या वर्षीचीच नोंद पुढे ओढली जाण्याचा धोका असतो. यात त्यांच्याशी भांडायचं काही नाही. सप्टेंबरच्या बैठकीत हा एकच विषय ठेवा : भरलेल्या माहितीची छापील प्रत समितीसमोर वाचायची, एकेक बाब शाळेत फिरून तपासायची, चूक असेल तिथे दुरुस्तीचा ठराव करायचा. यूडायसच्या संकेतस्थळावर शाळेची ठळक माहिती कुणालाही पाहता येते, हे पालकांच्या गटात सांगून ठेवा.

संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, त्याचा हिशेब. तो ३० सप्टेंबरच्या पटावर होतो आणि त्यासाठी मुलांची आधार नोंद जुळलेली असावी लागते. नावातला एक वेलांटीचा फरक, जन्मतारखेतली चूक, यामुळे मूल वर्गात रोज बसत असूनही मोजणीतून सुटतं. म्हणून जूनपासूनच आधार न जुळलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून मागा आणि त्या घरांना आधार केंद्रावर न्यायची जबाबदारी समितीच्या दोन-तीन सदस्यांनी घ्या. ऊसतोडीच्या घरांमध्ये हे काम आधी करा, दिवाळीनंतर ती माणसं सापडणार नाहीत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पट वाढावा म्हणून शाळेत न येणाऱ्या मुलाचं नाव लावू नका. ते उघड झालं की तुमच्या खऱ्या मागण्यांवरचाही विश्वास जातो.

पायरी ४ : शिवारफेरी करतो तशी शाळाफेरी

कायद्याच्या अनुसूचीत शाळेचं किमान मोजमाप दिलं आहे. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकाची खोली नि भांडार, अडथळा नसलेला प्रवेश, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, सर्व मुलांना पुरेसं सुरक्षित पाणी, आहार शिजतो तिथे स्वयंपाकघर, खेळाचं मैदान, कुंपण किंवा भिंत, ग्रंथालय. शिक्षकांचं प्रमाण पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक.

ही यादी हातात घ्या आणि समितीतल्या आयांना बरोबर घेऊन शाळा फिरा. मुलींना स्वतंत्रपणे विचारा. स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न पुरत नाही. त्यात पाणी येतं का, कडी लागते का, किल्ली कुणाकडे असते, पाळीच्या दिवसांत मुली शाळेत येतात का, हे विचारा. सातवीतली मुलगी हे पुरुषांसमोर बोलणार नाही. प्रत्येक त्रुटीचा फोटो घ्या, तारीख लिहा.

मराठवाड्यात इमारतींचा प्रश्न विशेष जुना आहे. काही गावांत आजही निजामकालीन खोल्यांत वर्ग भरतात. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव भागात बांधलेल्या शाळांनाही आता तीस वर्षं होऊन गेली. छताला तडा दिसला, गज उघडे पडले, तर फोटोसह लेखी पत्र त्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. धोकादायक खोली पाडायलाही परवानगी लागते, तिला निर्लेखन म्हणतात. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने पाहणी करून अहवाल दिल्याशिवाय ती खोली कागदावर "उपलब्ध" राहते, आणि उपलब्ध खोल्या पुरेशा दिसल्या की नवी खोली मंजूर होत नाही. कित्येक शाळांची मागणी या एका कागदामुळे अडून राहते. म्हणून आधी निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याच्या बरोबरीने नव्या खोलीचा.

पायरी ५ : आराखडा, आणि त्यातला क्रम

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्याचे तीन वार्षिक भाग. त्यात इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या सुविधा आणि वर्षनिहाय खर्च हवा. अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि सदस्य सचिवांच्या सह्या होऊन तो आर्थिक वर्ष संपण्याआधी गेला पाहिजे. जिल्ह्याचं नियोजन हिवाळ्यातच आकाराला येत असल्याने मी म्हणेन, तुमचा आराखडा ऑक्टोबरअखेर तयार हवा.

मागण्यांची यादी करणं सोपं आहे. अवघड आहे ते यातलं आधी काय, हे ठरवणं. न्याय इथेच होतो किंवा राहतो. ज्यांचा आवाज मोठा त्यांची मागणी वर जाते. प्रवेशद्वाराची कमान, व्यासपीठ, रंगरंगोटी ही कामं दिसतात, उद्घाटनाला शोभतात. बंद पडलेला नळ कुणाच्या फोटोत येत नाही. क्रम लावताना तीन प्रश्न ठरवून घ्या आणि प्रत्येक मागणीला ते लावा. हे झालं नाही तर कुणाच्या जिवाला धोका आहे का? हे नसल्यामुळे कोणती मुलं शाळेत येत नाहीत किंवा शाळा सोडतात? याचा लाभ सगळ्यात मागे राहिलेल्या मुलांपर्यंत पोचतो का? या कसोटीवर छत पहिलं येईल, मग मुलींचं स्वच्छतागृह आणि पाणी, मग दिव्यांग मुलाचा रॅम्प. कमान यादीत राहील, पण खाली.

एक उदाहरण घेऊ. समजा, पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ८७ आहे, त्यात ४१ मुली. संयुक्त अनुदान २५,००० रुपये. वीजबिल थकलंय, टाकीपासून स्वच्छतागृहापर्यंतची पाइपलाइन फुटली आहे. समिती असं वाटप करू शकते : स्वच्छता साहित्य ४,००० (किमान २,५०० च्या वर), वीजबिल ५,५००, पाइप, नळ आणि टाकीची दुरुस्ती ६,५००, शैक्षणिक साहित्य ५,०००, खिडक्या-दरवाजे आणि किरकोळ दुरुस्ती ४,०००. तिसऱ्या शिक्षकाची आणि तिसऱ्या खोलीची मागणी आराखड्यातून वर जाईल, कारण ८७ पटाला कायद्याने तीन शिक्षक आणि म्हणून तीन खोल्या हव्यात. हे वाटप अनुदान येण्याआधीच ठरवून ठेवा. खर्चायला पंधरा दिवस मिळोत की दोन महिने, निर्णय घाईत व्हायला नको.

ठराव मोघम नको. "स्वच्छतागृह दुरुस्तीबाबत चर्चा झाली" या वाक्याने काही होत नाही. असा लिहा :

"ठराव : शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह पाइपलाइन फुटल्यामुळे जूनपासून बंद आहे. त्यामुळे पटावरील ४१ मुलींची गैरसोय होत असून अधिनियमाच्या अनुसूचीतील मानकाची पूर्तता होत नाही. दुरुस्तीसाठी संयुक्त शाळा अनुदानातून ६,५०० रुपयांपर्यंत खर्चास ही समिती मंजुरी देते. तसेच स्वतंत्र कूपनलिका जोडणीचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे, अशी शिफारस ग्रामसभेकडे करते. सूचक : … अनुमोदक : … ठराव सर्वानुमते मंजूर."

ठरावाची नक्कल समितीच्या अध्यक्षांकडे आणि आणखी एका पालकाकडे राहू द्या.

कोयता गेल्यावर कुणाचं मत धरायचं?

बीड, जालना, धाराशिव, परभणी या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेच्या पैशाचे महत्त्वाचे निर्णय नेमके याच महिन्यांत होतात. आराखडा पाठवणं, ग्रामपंचायतीचं नियोजन, अनुदानाचा खर्च, सगळं ते नसताना. म्हणजे ज्यांच्या मुलांना शाळेची सर्वाधिक गरज, तेच पालक दरवर्षी निर्णयातून वगळले जातात, कुणी मुद्दाम वगळलं नाही तरी.

यावर उपाय आहेत आणि ते गावाच्या हातातले आहेत. मजूर गावात असतानाच, ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यांच्यासाठी वेगळी पालकसभा घ्या, त्यांच्या वस्तीवर जाऊन. त्यांच्या मागण्या त्यांच्या नावाने इतिवृत्तात लिहा. जाणाऱ्या सदस्याने आपलं म्हणणं लेखी देऊन ठेवावं, महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी त्याला फोन लावून स्पीकरवर ऐकावं आणि तशी नोंद करावी. मत मोजण्याचा नियम काहीही असो, म्हणणं नोंदवायला कुणाची आडकाठी नसते.

आणि सर्वांत आधी हंगामी वसतिगृहाची मागणी. आई-बाप कारखान्यावर गेल्यावर मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहावं आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी समग्र शिक्षातून निधी मिळतो आणि व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीनेच पाहायची असते. त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या पालकांचं सर्वेक्षण आणि मुलांची नावनिहाय यादी लागते. ती सप्टेंबरात तयार असेल तर प्रस्ताव वेळेत जातो. मंजुरी जानेवारीत आली, तर तोवर मुलं फडावर गेलेली असतात आणि त्या निधीचा उपयोग उरत नाही. जी मुलं जातीलच, त्यांच्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं.

पायरी ६ : ग्रामसभेत शाळेचा विषय

ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने आवश्यक आहे. शाळेच्या पाण्याचा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय तिथेच मांडा, तिथून ठराव होऊन मुख्य सभेत येऊ द्या. त्याला वेगळं वजन येतं.

विषय आयत्या वेळी काढू नका. सभेच्या आठ-दहा दिवस आधी ग्रामसेवकांना लेखी पत्र द्या की विषयपत्रिकेत अमुक काम घ्यावं, सोबत समितीचा ठराव जोडा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. पालकांनी ठरवून आणलं तर ही संख्या जमते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात बनतो आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो. तुमचं काम त्यात चढलं का, हे तरुणांपैकी कुणीतरी मोबाइलवर बघावं. ठराव झाला म्हणजे काम आराखड्यात आलंच, असं समजू नका.

एकाच ग्रामपंचायतीत गावची शाळा, तांड्याची शाळा आणि कधी उर्दू शाळा असते. तिन्ही समित्यांनी सभेआधी एकत्र बसावं, कुणाची गरज आधी हे आपसांत ठरवावं. नाहीतर सरपंचाच्या घराजवळची शाळा दरवर्षी पुढे जाते.

पायरी ७ : तालुका आणि जिल्हा

मोठ्या बांधकामाचा प्रस्ताव मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) जातो. सोबत समितीचा ठराव, यूडायसची प्रत, पटसंख्या, फोटो, जागेचा उतारा आणि अभियंत्याचं अंदाजपत्रक हवं. जागा शाळेच्या नावावर नसेल तर प्रस्ताव तिथेच परत येतो. दानात मिळालेल्या पण नोंद न झालेल्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. सातबारा किंवा नमुना ८ आजच काढून बघा.

जिल्हा परिषदेकडे दुरुस्तीच्या आणि नव्या खोल्यांच्या शाळांची यादी असते. तुमची शाळा त्यात आहे का, कितव्या क्रमांकावर आहे आणि क्रम कोणत्या निकषाने लागला, हे तीन प्रश्न लेखी विचारा. जिल्हा नियोजन समितीचा प्रारूप आराखडा जानेवारीच्या सुमारास पक्का होत जातो, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला प्रस्तावाची प्रत देऊन ठेवा. एकट्या शाळेपेक्षा आपल्या केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाखालच्या शाळांच्या, आठ-दहा समित्यांनी मिळून दिलेलं, गरजेच्या क्रमाने लावलेलं निवेदन जास्त परिणामकारक ठरतं. आपल्यातली सगळ्यात वाईट अवस्थेतली शाळा त्यात पहिली लिहा, मग ती आपली नसली तरी.

मराठवाड्याच्या अनुशेषाची गोष्ट आपण वर्षानुवर्षं ऐकतो. १९५३ च्या नागपूर करारापासून समन्यायी वाटपाची हमी आहे, घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये मराठवाडा वैधानिक विकास मंडळ झालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. प्रदेशाच्या पातळीवर अनुशेष मोजणारी व्यवस्था अशी ढिली पडली असताना, शाळाशाळांतून नीट नोंदवलेल्या त्रुटी हाच आपल्याकडचा पुरावा आहे. आठही जिल्ह्यांत तो तयार झाला, तर मुंबईत बसलेल्या कुणालाही तो डावलणं जड जाईल.

पायरी ८ : खर्चावर नजर

समग्र शिक्षाचा पैसा आता शाळेच्या खात्यात साठून राहत नाही. शून्य शिल्लक खातं असतं, त्यावर खर्चाची मर्यादा येते आणि ३१ मार्चला न खर्चलेली मर्यादा परत जाते. त्यामुळे दरपत्रकं आधी मागवून ठेवलेली बरी.

दर बैठकीत रोकड वही, व्हाउचर आणि साठा नोंदवही टेबलावर हवी. खरेदी झालेली वस्तू साठा वहीत चढली का, आणि शाळेत प्रत्यक्ष आहे का, हे दोन सदस्यांनी बघायचं. कोऱ्या व्हाउचरवर किंवा कोऱ्या प्रोसिडिंगवर सही करायची नाही, कितीही घाई असली तरी. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्चलं याचा दाखला, पाठवण्याआधी समितीत वाचून दाखवलं पाहिजे. बांधकाम असेल तर अंदाजपत्रकाची प्रत मागा. पाया किती खोल, गज किती जाडीचा, सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, हे गावातल्या गवंड्याला बरोबर घेऊन तपासा. काम चालू असताना तपासा, गिलावा झाल्यावर काही दिसत नाही.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फलक रंगवा : किती अनुदान आलं, कोणत्या तारखेला, कशावर किती गेलं, शिल्लक किती. मुख्याध्यापकांनाही याने संरक्षण मिळतं. हिशेब उघडा असला की अफवा पसरत नाहीत. बहुसंख्य गुरुजी आणि बाई प्रामाणिकपणे, कधी पदरचे पैसे घालून शाळा चालवतात. देखरेख म्हणजे त्यांच्यावर संशय नव्हे, हे पहिल्याच बैठकीत बोलून टाका.

लोकवर्गणीबद्दल थोडं. रंगकाम, संगणक, दूरचित्रवाणी संच यांसाठी गावाने हात दिला तर छानच. पण वर्गणी ऐच्छिक हवी. प्रवेश, दाखला किंवा निकाल तिच्याशी जोडता येत नाही, पहिली ते आठवीचं शिक्षण मोफत आहे. प्रत्येक रुपयाची पावती, आणि देणगीदारांची यादी लावताना रक्कम लिहू नका. शंभर रुपये देणाऱ्या विधवेच्या मुलाला फलक वाचून खाली बघावं लागू नये. आणि छत, पाणी, शिक्षक ही शासनाची जबाबदारी आहे. ती वर्गणीतून भागवायला लागलं, तर सधन गावाची शाळा सुधारेल आणि कोरडवाहू गावाची मागे पडेल.

पायरी ९ : अडलं तर

आधी लेखी पत्र आणि पोच. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र. मग माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग, ज्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. "शाळेची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज करू नका. असं विचारा : "अमुक यूडायस क्रमांकाच्या शाळेस सन अमुक-अमुक मध्ये मंजूर झालेले संयुक्त शाळा अनुदान, मर्यादा प्राप्त झाल्याचा दिनांक आणि सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत मिळावी." शिवाय अभिलेख पाहण्याची परवानगी मागा, कधीकधी फाईल डोळ्यांनी बघितल्यावरच अडचण कळते.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबाबत कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतं. सर्वांना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रार एका पालकाच्या नावाने न करता समितीच्या ठरावाने करा, म्हणजे कुणा एकाच्या मुलावर रोष यायची भीती राहत नाही. तक्रारीत अनुसूचीतलं कोणतं मानक अपुरं आहे ते लिहा, फोटो आणि आधीच्या पत्रांच्या पोच जोडा.

ही सगळी पत्रं, ठराव, पोच एका फाईलमध्ये तारखेने लावा आणि फाईल शाळेत ठेवून तिची दुसरी प्रत अध्यक्षांकडे असू द्या. दोन वर्षांनी समिती बदलते, मुख्याध्यापकांची बदली होते, आणि नवे सदस्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत जुन्या अध्यक्षांनी ती फाईल वाचून सोपवावी : कोणते प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहेत, कोणत्या अपिलाची तारीख जवळ आली आहे, कोणाला फोन करायचा. त्या हस्तांतरणाचीही इतिवृत्तात नोंद घ्या आणि दोन्ही अध्यक्षांच्या सह्या करून ठेवा.